जहाज का बुडत नाही

६ जून

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. दुकानाला नवी पाटी लागली, गुडघाही आता बरा आहे, वाचून बरं वाटलं. औषधांचं दुकान चालवणाऱ्या बाईचाच गुडघा दुखावा, याची तुमच्या दादांना भारी मजा वाटली. दिवसभर तेच सांगत होते. मला, दूधवाल्याला, मग परत मला.

इकडची बातमी मोठी आहे. दादांच्या शनिवारच्या व्याख्यानांना आता बसायला जागा मिळत नाही. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरचा तो हॉल तुम्ही पाहिलाय. विज्ञान, इतिहास, कला, सगळं फुकट, तरी इतकी वर्षं निम्म्या खुर्च्या रिकाम्या आणि उरलेल्यांवर पंख्याखाली डुलक्या काढणारी निवृत्त मंडळी. आता लोक जिन्यात उभे राहतात. कॉलेजची पोरं येतात, सलूनवाला दुकान बंद करून येतो, रंगारी येतात. चिटणिसांनी इतिहासाचे आणि चित्रकलेचे वक्ते रद्द केले आणि पुढचे सगळे शनिवार ह्यांनाच देऊन टाकले. रोज घरी येऊन ह्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवतात.

‘घरचा प्रश्न’ अजून चालू आहे बरं का. तसंच बोट दाखवायचं, पहिल्या रांगेत बसलेल्या मला प्रश्न विचारायचा, मी चुकीचं उत्तर द्यायचं, हॉल हसला की ह्यांनी खरं उत्तर सांगून विषयाला हात घालायचा. हल्ली प्रश्न जहाजाचा असतो. लोखंडाचा खिळा बुडतो, मग लोखंडाचं जहाज का बुडत नाही? मी आपलं नेहमीचं उत्तर देते, की जहाजाला रंग लावलेला असतो म्हणून. वन्सं, असा हशा त्या हॉलने कधी ऐकला नसेल. तासभर थांबत नाही.

ह्यांचं उत्तम चाललंय. शनिवारी सकाळी उठल्या उठल्या बूट पुसून दाराशी ठेवतात. तुम्ही गुडघ्याला जपा. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायची घाई नाही.

तुमची
वहिनी


१४ जून

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं आणि दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं. माझा दादा! जिन्यात माणसं उभी! मी नेहमी म्हणायचे की लोकांना कळायला वेळ लागतो, पण कळतं.

मी आले होते तो शनिवार आठवतो? आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, मग वर-खाली का नाही, असं दादाने विचारलं. तू अगदी भाबडा चेहरा करून म्हणालीस, आरसा भिंतीला उभा टांगलेला असतो म्हणून. मला हसून हसून ठसका लागला, शेजारच्या गृहस्थांनी पाणी दिलं. कसं जमतं गं तुला? मी तर गोरीमोरी झाले असते.

जहाजाची गोष्ट माझ्यासाठी खास आहे. बाबा गेले त्या वर्षी मी रात्रंदिवस रडायचे, तेव्हा दादाने बादलीत पातेलं तरंगत ठेवलं होतं. त्यात एकेक वाटी टाकत तो मला सांगत होता, की जहाज आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतं, म्हणून पाणी त्याला उचलून धरतं. वाट्या संपल्या, पातेलं बुडालं नाही, आणि माझं रडं थांबलं. मला आई-बाप दोन्ही तोच, तुला माहीतच आहे.

एक मात्र कळलं नाही. दादाने खरं उत्तर सांगितल्यावरही लोक तासभर कशाला हसतील? आणि त्याचं मला स्वतंत्र पत्र आलंय, त्यात माझी परीक्षा कधी आहे असं विचारलंय. थट्टा असणार. तरी तू दोन ओळी लिही. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी लाडकी (असं मीच म्हणते)
नणंद


२३ जून

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

थट्टा नाही. डॉक्टरांनी डोक्याची तपासणी केली. विसरणं वाढत जाणार, औषधाने फार तर थोडं लांबेल, असं म्हणाले. तुम्हांला औषधांतलं कळतं, गोळ्यांची नावं वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवली आहेत.

हशाचं म्हणाल तर असं झालं. एका शनिवारी ह्यांनी जहाजाचा प्रश्न विचारला, मी रंगाचं उत्तर दिलं, लोक बेताचेच हसले. मग हे नेहमीसारखं ‘चूक’ म्हणणार, तर थांबले. पुढचं सापडेना. हातातला खडू फिरवत माझ्याकडे बघत राहिले. मी पण बघत राहिले. आणि एकदम तोंड उजळलं आणि म्हणाले, “बरोबर!”

मग तासभर रंगावर बोलले. रंगाचा एक हात दिला तर जहाज नदीत चालतं, दोन हात दिले तर समुद्रात. आवाज तोच, ऐट तीच. मागे बसलेल्या एका रंगाऱ्याने उठून विचारलं, सर, तेलाचा रंग की पाण्याचा? ह्यांनी शांतपणे सांगितलं, की पाण्याचा लावला तर जहाज विरघळेल. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. पुढच्या शनिवारी तेच लोक दुप्पट माणसं घेऊन आले. ह्यांना वाटतं, आयुष्यभराचं चीज झालं.

खरं उत्तर मला येतं का, असं तुमच्या मनात आलं असेल. येतं. दर शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर हे मला आधी खरं उत्तर समजावायचे, मग आम्ही दोघं मिळून चुकीचं ठरवायचो. म्हणायचे, खरं नीट कळल्याशिवाय चांगलं चुकता येत नाही. रंगाचं उत्तर माझं. आरशाचंही माझंच.

माया पातळ झालेली नाही. पहिल्यापासून आहे तशीच आहे.

तुमची
वहिनी


२९ जून

वहिनी,

नमस्कार, विनंती वगैरे आज राहू दे.

तुझं काळीज आहे की दगड? माणूस आजारी आहे, त्याचं भर हॉलमध्ये माकड झालंय, आणि तू पहिल्या रांगेत बसून रंग रंग करतेस? एक वाक्य, वहिनी! खरं उत्तर दे, त्याला धागा सापडेल, पुढचं तो बोलेल. त्याला सगळं येतं, फक्त सुरुवात हरवलीय. शब्द तुझ्या तोंडात आहे आणि तू तो गिळून बसली आहेस. चिटणिसाला तर मी बघूनच घेते. नाहीतर दादाला घरी तरी ठेव.

त्याने कष्टाने मिळवलेलं नाव आहे ते. ‘सर’ म्हटलं की अख्खं गाव त्यालाच ओळखतं. ते असं मातीत जाताना मला बघवणार नाही. मी एकोणीस तारखेच्या शनिवारी येते आहे.

नणंद


८ जुलै

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि. (मी विसरत नाही.)

या की. जरूर या. माझ्या शेजारची खुर्ची राखून ठेवते.

घरी ठेवायचं म्हणता, ते एकदा करून पाहिलं. दाराला कडी लावली. बूट घालून दाराशी उभं राहून लहान मुलासारखे रडले. म्हणून नेते.

नावाचं म्हणता तर माझं नाव काय आहे, ठाऊक आहे? बँकेतला कारकून मला सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवतो. भाजीवाली सुटे पैसे दोनदा मोजून माझ्या हातात ठेवते. टपाल टाकायला गेले तर तिथला माणूस हसून विचारतो, काय बाई, तिकीट कुठे चिकटवायचं, सांगा बघू. तुमच्या दादांचं नाव झालं ते माझ्या डोक्यावर पाय देऊन. एकदा ग्रहणाच्या व्याख्यानाला माझ्या तोंडून चुकून खरं उत्तर निघून गेलं. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. पुढचा महिनाभर हे माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पुढे वाढलेलं ताट सरकवून उठायचे. मी माफी मागितली तेव्हा कुठे पुढच्या शुक्रवारी टेबलावर आले.

आणि तुम्ही, वन्सं? तुम्हांला ठसका लागला होता. पाणी प्यालात, आणि ग्लास खाली ठेवून पुन्हा हसलात. मी मान वळवून पाहिलं होतं. माझं काय होतंय, हे तेव्हा कुणी पत्र टाकून विचारलं नाही.

आता हॉल त्यांना हसतो, तर तुम्हांला दगड आठवला. माझ्याने खोटं बोलवत नाही म्हणून लिहिते, पहिल्या शनिवारी मला बरं वाटलं. घरी येऊन मी पोटभर जेवले.

येताना त्या गोळ्या घेऊन या, इकडे मिळत नाहीत. बाकी लोभाचं समोरासमोर बोलू.

तुमची
वहिनी


२२ जुलै

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. दुकान उघडलं, पण गिऱ्हाईक काय मागतंय ते कळत नाही. तू सगळं पाहिलंस, तरी लिहिते, कारण डोक्यातून जात नाही.

शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात मी तुझ्या पाया पडले, तेव्हा तू पाय मागे घेतलास आणि भांडी घासत म्हणालीस, ठीक आहे, देते खरं उत्तर. मला वाटलं, जिंकले. दादा बूट घालून तयार होता. माझ्याकडे बघून गोड हसला, बसा म्हणाला. मी म्हटलं, ओळखलं त्याने.

हॉलमध्ये त्याने तुझ्याकडे बोट केलं आणि जहाजाचा प्रश्न विचारला. तू उठून उभी राहिलीस. इतकी वर्षं बसूनच बोलायचीस ना? पदर सारखा करून स्वच्छ आवाजात सांगितलंस, जहाज आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतं, म्हणून. माझ्या बादलीतलं वाक्य, शब्दाला शब्द. मी दादाच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता पातेलं आठवेल.

आणि तो हसला. पोट धरून हसला. लोकांना म्हणाला, बघा, आमच्या घरचं अज्ञान बघा, इतकी वर्षं पहिल्या रांगेत बसून काडीचा उजेड पडला नाही. मग रंगाचे हात मोजायला लागला. लोक मांड्या बडवून हसत होते. माझ्याने राहवलं नाही. मी उठून ओरडले, की दादा, वहिनीचं बरोबर आहे, तूच मला शिकवलंस. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. परक्या माणसाकडे पाहावं तसं. “बाई, खाली बसा,” म्हणाला. “प्रवेश मोफत ठेवला की कोणीही येतं.”

त्यावर सगळ्यात मोठा हशा झाला. मी बसले.

वहिनी, मी उगीच हट्ट केला असं म्हणणार नाही. पण आता एवढं ऐक. पुढच्या शनिवारपासून रंगच सांग. रंगावर तो तुला ‘बरोबर’ तरी म्हणतो. तुम्ही दोघं एका बाजूला तरी दिसता. खरं उत्तर दिलंस की तो त्यावर हसतो, आणि लोकांना कळतं की तुला येतं आणि त्याला येत नाही. मग त्याचं काहीच उरत नाही. हात जोडते.

त्याने माझ्याबद्दल नंतर काही विचारलं का? खरं असेल तेच लिही. जिव्हाळा राहू दे, एवढंच मागते.

नणंद


३० जुलै

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

गोळ्या लागू पडत नाहीत, पण झोप चांगली लागते.

रंग सांगणार नाही. गेल्या शनिवारीही उभी राहून खरं तेच सांगितलं. हे तसेच हसले, लोक तसेच हसले. पण सोमवारी टपालातला माणूस खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि म्हणाला, बाई, तुम्हांला आधीपासून येत होतं? मी म्हटलं, हो, सगळं. त्याने तिकीट माझ्या हातात दिलं आणि खिडकीत परत गेला. भाजीवालीने पैसे एकदाच मोजले. इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी चुकले, वन्सं. आता ते माझ्यासाठी चुकताहेत. त्यांना तर ठाऊकही नाही, म्हणजे माझ्यापेक्षा सोपं आहे.

चिटणिसांनी पुढचा अख्खा हंगाम दिलाय. मी हो म्हणून कळवलं.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. त्या शनिवारी जिना उतरताना त्यांनी विचारलं खरं, की ती पुढे उभी राहून ओरडणारी बाई कोण. तुमची बहीण, असं माझ्या ओठांवर आलं होतं. सांगितलं असतं तर कदाचित पातेलंही आठवलं असतं, कोण जाणे. मी म्हटलं, कोणी नाही, फुकट म्हणून आली होती.

त्यांनी मान डोलावली. मग कोपऱ्यावर थांबून माझा हात धरला. वन्सं, रस्त्यात त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता. आणि फार मायेने म्हणाले, “आज तू छान चुकलीस.”

खुर्ची तुमच्यासाठी अजून राखून ठेवते. यायचं तर या, लोभ ठेवायचा तर ठेवा.

तुमची
वहिनी