चार थेरप्या आणि एक सासूबाई

३ मे
काउन्सेलिंगचा ऑनलाइन कोर्स संपला. सर्टिफिकेटवर माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलंय, पण ज्ञान पक्कं आहे. शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीत स्टोअर सांभाळणं आता फार दिवस नाही. सिडकोत स्वतःचं सेंटर टाकायचं. गुलमंडीवरच्या प्रेसमध्ये व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली. फक्त पेशंट पाहिजे.

संध्याकाळी
पेशंट मिळाला! पिशोरहून सासूबाई आल्यात. धाकट्या बहिणीशी, करमाडच्या लक्ष्मीमावशींशी, त्यांचा कित्येक वर्षं अबोला. त्याचं कारण माझ्यासमोर कोणी काढत नाही. चौदा तारखेला मावशींच्या मुलीचं, संस्कृतीचं लग्न. सासूबाई म्हणतात, मेले तरी जाणार नाय. माझी बायको नंदिनी स्वयंपाकघरात रडत होती. म्हणालो, घरात प्रोफेशनल माणूस असताना रडतेस काय? आणखीच रडली.

४ मे
सायकोअ‍ॅनालिसिस. सगळ्याचं मूळ बालपणात. सासूबाईंना दिवाणावर आडवं केलं, उशाशी बसलो, म्हणालो, मनात येईल ते बोला. म्हणाल्या, कूलरमध्ये पाणी टाका. टाकून येईपर्यंत घोरत होत्या. याला रेझिस्टन्स म्हणतात, मनाचा विरोध. उत्तम सुरुवात.

६ मे
बालपण वगैरे जुनं झालं. आता सीबीटी. विचार बदलला की भावना बदलते. आधी पुरावा मागायचा. विचारलं, मावशी वाईट आहेत याला पुरावा काय? सासूबाई माझ्याकडं बराच वेळ एकटक बघत राहिल्या. म्हणाल्या, पुरावा हाय, पण सांगायची नाय.
होमवर्क दिला: मावशींबद्दल एक चांगला विचार करायचा. जेवताना उत्तर आलं. दात चांगले हायेत तिचे.
प्रगती!

८ मे
पर्सन-सेंटर्ड. यात सल्ला द्यायचा नाही. समोरच्याचं म्हणणं आरशासारखं परत दाखवायचं. सासूबाई म्हणाल्या, लई उकडतंय. मी म्हणालो, तुम्हाला लई उकडतंय. म्हणाल्या, मग पंखा वाढवा की. म्हणालो, पंखा वाढवावा असं तुम्हाला वाटतंय. त्यांनी नंदिनीला हाक मारली. जावयाच्या कानाचं बघ बाई एकदा.
काळजी करतात. नातं घट्ट होतंय.

१० मे
हुकमाचा एक्का. गेस्टाल्ट! रिकामी खुर्ची समोर ठेवायची, त्यात भांडणारा माणूस आहे असं समजून बोलायचं. प्लास्टिकची खुर्ची ठेवली. सासूबाई बोलेनात. मग मीच बसलो. नंदिनीची ओढणी डोक्यावर घेतली, आवाज बारीक केला, म्हणालो, आक्का, चुकलं गं माझं.
तेवढ्यात शेजारचे सुदर्शनराव वैजापूरचे कांदे द्यायला आले. ओढणी काढायला वेळ मिळाला नाही. कांदे दारातच ठेवून गेले.
सासूबाई तोंडाला पदर लावून आत पळाल्या. खांदे गदागदा हलत होते. कॅथार्सिस! साठलेलं रडू मोकळं झालं!!

११ मे
यश! यश! काल सासूबाईंनी स्वतः बहिणीला फोन लावला. दार लावून किती तरी वेळ बोलत होत्या. आधी रडणं, मग हसणं, मग नुसतं हसणं. लग्नाला जाणार म्हणतात! नंदिनीनं आईला मिठीच मारली.
चारपैकी कोणती थेरपी लागू पडली, हा प्रश्न आहे. माझ्या मते चारींचं मिश्रण. म्हणजे पाचवी. माझी. प्रेसवाल्याला कार्डावर 'संस्थापक' टाकायला सांगितलं.

१४ मे, करमाड
बहिणी मांडवाच्या दारातच गळ्यात पडल्या. मग दोघींनी माझ्याकडं बघितलं आणि हसल्या. कृतज्ञता.
मी पाहुण्यांना केस समजावून सांगत होतो. हातात कार्डंही दिली. नंदिनीनं बाजूला नेलं. म्हणाली, अहो, हळू बोला. भांडण तुमच्यावरूनच होतं.
आपल्या साखरपुड्यात मावशी आईला म्हणाली होती, आक्का, पोरगा चांगला हाय, पण जरा येडपट वाटतो. आईला ते लागलं. माझ्या जावयाला येडपट म्हणतीस? तिथून बोलणं बंद.
मग त्या दिवशी फोनवर काय झालं, मी विचारलं. नंदिनी खाली बघत म्हणाली, आईनं सुरुवातीलाच सांगितलं, लक्ष्मे, तुझंच खरं व्हतं.
इतकी वर्षं सासूबाई माझ्यासाठी सख्ख्या बहिणीशी बोलल्या नाहीत. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.
पंगतीत दोघी मिळून वाढायला आल्या. मावशींनी जिलेबी टाकली, सासूबाईंनी आणखी एक. नको म्हणालो. दोघी एकदमच म्हणाल्या, घ्या हो जावई.
घेतली.