कोटाचा डावा हात

३ जून
चि. धाकटीस, अ. आ. वि. वि.
हे जाऊन वर्ष झालं. अखेर कपाट रिकामं केलं. पोतंभर कपडे तुझ्या दुकानी पाठवते आहे. उसव, काप, कुणाशी अदलाबदल कर. फक्त कचऱ्यात टाकू नकोस. भोक पडलं म्हणून कापड मरत नाही, असं आपल्या शाळेतल्या रफू शिकवणाऱ्या सिस्टर म्हणायच्या. यांचा तपकिरी कोट मात्र मला परत हवा. त्याचं अस्तर फाटलंय, तेवढं बदल. तू विसरभोळी, म्हणून चिठ्ठी टाचली आहे.
वेड्या बहिणीवर जीव असू दे.
तुझी ताई

१५ जून
ती. ताईस, सा. न. वि. वि.
अस्तर बदललं. त्यासाठी कोटाचे हात उसवले होते. पुन्हा जोडणार तोच चिठ्ठी वाचली : ‘अस्तर बदल. बाकी हात लावू नकोस.’ आम्हा शिवणाऱ्यांच्या बोलीत हात म्हणजे बाही. म्हटलं, या वयात ताईला बिनहाताची हौस! तसाच शिवून टाकला. गेल्या आठवड्यात शेजारचा न्हावी बटण लावून घ्यायला आला आणि सहज कोट घालून बघितला. दोन्ही हात वर करून हवेतच कात्री चालवली नि आरशासमोरून हलेचना. तिकडे गिऱ्हाईक अर्धं भादरलेलं! म्हणतो, कोट घालून कात्री चालवताना जन्मात पहिल्यांदा खांदा आवळला नाही. तुझा आहे असं सांगितलं, तरी रोज डोकावतो. पाठवून देऊ ना?
लोभाची वीण सैल होऊ देऊ नये.
धाकटी

२२ जून
चि. धाकटीस, आशीर्वाद (रागातच).
अगं मठ्ठे, हात लावू नकोस म्हणजे बोट लावू नकोस! दोन दिवस तुझ्या नावाने बोटं मोडली, रडले. मग हसूच आलं. आयुष्यभर हे इथल्या न्हाव्याला चुकवत आले, तो दिसला की गल्ली बदलायचे. आता बसा म्हणावं न्हाव्याच्याच अंगावर!
हात परत जोड, असं लिहायला बसले होते. पण माझ्या कपाटात त्या कोटाला कसरच खाणार. खांद्यांशी माझं कधी काम नव्हतं. रस्ता ओलांडताना मी यांची डावी बाही धरायची. कोपरापाशी बघ, कापड झिजलंय. ती माझीच मूठ. कोट न्हाव्याला दे. डावा हात तेवढा मला पाठव.
माया आहेच, अक्कलही वाढो.
ताई

४ जुलै
ती. ताईस, सा. न. वि. वि.
सोबत पिशवी. कापड तुझ्याच पोत्यातल्या पडद्याचं, धरायचा बंद मात्र कोटाच्या डाव्या हाताचा. उजव्याची ठिगळं झाली, शेजारच्या तीन पोरांच्या गुडघ्यांवर बसली. तुझी झिजलेली जागा रफू करायचा फार मोह झाला. या वेळी खरंच हात लावला नाही.
रागावलीस तरी लिहीत जा.
धाकटी

१० जुलै
चि. धाकटीस, अ. आ. वि. वि.
पिशवी पोचली. मूठ बरोबर बसते. आज आम्ही दोघं भाजी आणायला गेलो. रस्त्यावर मोटारी फार होत्या, सावकाश ओलांडला.
तुझी ताई