तुमची खाट दुसऱ्याला दिली, त्याविषयी

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (आशीर्वाद बसूनच द्या, उठलात की गुडघा बोलेल.) मामींचा खोकला कमी आहे का? आणि काठी तुम्ही वापरता, की अजून दाराआडच उभी असते?

मंगळवारी दुपारी मी फक्त "आज येऊ नका" एवढाच फोन केला, म्हणून हे पत्र. तुमचं ऑपरेशन तिसऱ्यांदा पुढे गेलं. भाची सरकारी दवाखान्यात हाडांच्या वॉर्डची सिस्टर असून उपयोग काय, असं तुम्ही म्हणाल. म्हणा, पण आधी ऐका. आमच्याकडे खाटा तीस आणि पेशंट सत्तेचाळीस. उरलेले खाली गाद्यांवर (त्यांच्यामधून औषधांची ट्रॉली नेऊन नेऊन मला आता सर्कशीत नोकरी मिळेल). त्यातले निम्मे मोटरसायकल टॅक्सीवरून पडलेले. भाडं रिक्षाच्या निम्मं, म्हणून माणूस बसतो, आणि हाड मोडलं की आमच्या दारात येतो. तिथे कंपनीचं काम संपतं, आमचं सुरू होतं. मांडीत सळई, दोन बाटल्या रक्त, तीन आठवडे खाट. ऑपरेशनचं टेबल एकच. ताजं मोडलेलं हाड आलं की आधी ठरलेला माणूस मागे सरकतो. तुमच्यासारखी शंभरावर माणसं घरी गुडघे चोळत बसलीत. प्लास्टरच्या पट्ट्या वीस तारखेलाच संपतात, मग आमचे मोठे डॉक्टर स्टोअरच्या कारकुनाशी इतकं गोड बोलतात की मलाच भीती वाटते.

मंगळवारी सकाळी तुमच्या खाटेवर मी स्वतः धुतलेली चादर घातली होती. अकराच्या सुमारास एका टॅक्सीवाल्याला आणलं. टेम्पो आडवा आला, तेव्हा पठ्ठ्याने गाडी स्वतःच्या अंगावर घेतली. मागे बसलेल्या शिक्षिकाबाई खरचटण्यावर सुटल्या, याची मांडी दोन ठिकाणी मोडली. तो कण्हत असतानाच खिशातला फोन वाजला. कंपनीची विचारणा होती, फेरी वेळेत पूर्ण का झाली नाही? (मी फोन बंद केला. नियमात बसत नाही, पण बसवलं.) खाट त्याला दिली. तुम्ही असतात तर तुम्हीही दिली असती.

मामींना नमस्कार. जिन्याच्या वाटेला जाऊ नका.

तुमची भाची

ता. क. नवी तारीख पुढच्या महिन्याची दहा. रजिस्टरमध्ये पेन्सिलने लिहिली आहे, तेव्हा फार विसंबू नका.

आणखी एक. मामा, तो टॅक्सीवाला म्हणजे आपला धाकटा. गोदामातली नोकरी पाच महिन्यांपूर्वीच सुटली होती, तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही. ऑपरेशन नीट झालं, पाय वाचला, काल दोन घास जेवला. तुम्हाला कळवू नको म्हणून त्याने शपथ घातली होती, ती मी मोडते आहे. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं विचारलं, "ताई, बाबा आज येणार होते ना?" मी म्हटलं, "त्यांची तारीख कालच बदलली रे." गुरुवारी चार ते सहा भेटीची वेळ असते. या, आणि त्याने विचारलं तर तारीख सोमवारीच बदलली, असं तुम्हीही सांगा.