चिमूटभर कणीक

बुखारा, ११ ऑक्टोबर १९९३

चिरंजीव याकुबास आपाचे आशीर्वाद.

आता याकोव लिहायचं म्हणे. लिफाफ्यावर लिहिलंय, पोस्टमनसाठी. आत तू याकुबच. नाव बदलायला फारशी पायपीट करावी लागली नाही तुला, तेवढंच बरं.

पत्र आणि फोटो पोचला. टोपी शोभते. पोट सुटलंय, तिकडचं पाणी मानवलेलं दिसतं. इकडे सगळं ठीक. बिहीचं झाड यंदा इतकं लगडलं की फांदीला टेकू द्यावा लागला. सून सातव्या महिन्यात आहे. आईबद्दल चार वेळा विचारलंयस. सांगते. आधी माझं बोलून घेऊ दे, दोन वर्षं तोंड दाबून बसले आहे.

त्या दिवशी तू त्या यहुदी पिन्हास न्हाव्याला अंगणात आणून बसवलंस, आठवतं? मला वाटलं, म्हातारा तुझी दाढी करायला आलाय. चहा ठेवला मी. आणि तो सांगतो काय, तर आपले पणजोबा त्याच्या आजोबांचे सख्खे भाऊ! अमीराच्या माणसांनी खोटा आळ घेऊन धरलं, फाशीचा दोर दाखवला, तेव्हा कलमा पढले आणि वाचले. यहुद्यांनी त्यांचं सुतक धरलं, मुसलमानांनी 'चाला' नाव ठेवलं. धड कच्चं नाही, धड शिजलेलं नाही. अरे, पलीकडच्या गल्लीतल्या लोकांना आपण लहानपणी हेच म्हणून चिडवायचो. मी तर सगळ्यांत मोठ्याने.

"आई, हा म्हातारा काय बरळतोय?" मी विचारलं.

आई मूग निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "खरं आहे. माझं माहेरही त्यांतलंच. वाटलं होतं, माझ्याबरोबर मातीत जाईल."

तुला यहुदी असल्याचा कागद हवा होता, मिळाला. यहुद्यांच्या देशात जायचं होतं, गेलास. पण जाण्याआधी चायखान्यात बसून दवंडी कशाला पिटलीस? तू विमानात बसलास, गल्लीत मी राहिले. आपलेच दात, आपलेच ओठ, दुसरं काय!

नमाजाचं नाव काढलं तरी नोकरी जायची, त्या काळात पडदे ओढून मी इथल्या पोरींना कुराण शिकवलं. रेशीम गिरणीतून मला दोनदा काढायला निघाले होते. कुणाकडे जन्म असो की मरण, 'ओयमुल्लाला बोलवा', म्हणजे मलाच. आता मशिदीवर भोंगा लागला आणि माझं बोलावणं बंद झालं. मुकर्रम, जिच्याकडून मी पहिलं अक्षर गिरवून घेतलं, ती दारात उभी राहून म्हणते, "वाईट वाटून घेऊ नका हं सालोमत आपा. तुम्ही चांगल्याच आहात. पण बायका म्हणतात, तुम्ही पढलेलं वर पोचलंच नाही तर?"

पोचलं नाही तर! मी काय टपालखातं आहे?

"इतकी वर्षं पढले, त्यातलं काही परत आलं का गं?" मी विचारलं. ती गेली, पण माझ्या डोक्यात किडा सोडून गेली. तेव्हापासून सजद्यात कपाळ टेकलं की वाटतं, हे कपाळ कुणाचं? नमाज एकही चुकवलेला नाही. पण पूर्वी मी बोलायचे आणि कुणीतरी ऐकायचं. आता भिंतीशी बोलते. पणजोबा दोराला भिऊन जे पढले, तेच मी जन्मभर प्रेमाने पढले. मग माझं खरं की खोटं? सांग ना, तू तर तिकडे जाऊन शहाणा झालास. मला तुझा राग आहे. अल्लाहचाही आहे, लिहूनच टाकते.

आई गेली, याकुब. चाळीस दिवस झाले. तार केली नाही. तू आला नसतास, आणि आला असतास तर ती टोपी घालून आला असतास.

बायका दारापर्यंत आल्या, रीतीपुरतं रडल्या, पण आत पाऊल टाकलं नाही. मयताला न्हाऊ घालायला कुणी येईना. शेवटी पोटुशी सून पाणी ओतायला घेतली.

पण हे तरी कुणालाही सांगता येईल. दुसरं आहे ते सांगायला हात वळत नाही.

शेवटच्या सकाळी मी उशाशी कुराणातलं यासीन पढायला बसले. आईने हात उचलून माझ्या तोंडावर ठेवला. त्यात जोर कसला. म्हणाली, "नको गं. आज नुसती बस." दोनशे जणांच्या उशाशी यासीन पढलेली मी! आणि दाराबाहेर मुकर्रम कान देऊन उभी होती. मी आईचा हात बाजूला केला आणि पढले. गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पढले. आईचे ओठ हलत होते. काय म्हणत होती, कळलं नाही. माझाच आवाज मोठा होता.

भाकरी भाजताना हलायचे तसेच हलत होते रे. आठवतं ना, कणकेची चिमूट तोडून आधी आगीत टाकायची, ओठांत काही पुटपुटायची, मगच पहिली भाकरी तंदुरात लावायची? विचारलं तर "आगीचा वाटा" म्हणायची. मला ते आपल्या दीन-धर्मातलंच वाटलं. पुढे बिस्मिल्ला जोडून मी सगळ्या पोरींना शिकवलं. आईच्या विसाव्या दिवशी पिन्हासची म्हातारी आली. एकटी तीच आत आली. मी चिमूट टाकताना पाहून म्हणाली, "अगं, हे तुला कुणी शिकवलं? हे तर आमचं!"

म्हणजे मुकर्रम आणि सगळी गल्ली माझ्या शब्दाखातर रोज सकाळी यहुद्यांची चिमूट आगीत टाकते. आज त्यांच्या तंदुरांचा धूर पाहून मी एकटीच हसत सुटले. सांगितलं तर गल्लीभरच्या भाकऱ्या कुत्र्यांपुढे जातील. सांगितलं नाही. त्या घरांत माझं तेवढंच उरलंय.

आईच्या नावाने पाठवलेला बोलावण्याचा कागद सोबत परत करते. माझ्या नावाचा पाठवू नकोस, चुलीत घालीन.

एक काम कर. पिन्हासची म्हातारीही मागच्या आठवड्यात तिकडेच गेली, तिला विचारायचं राहून गेलं. तू कुणाला तरी विचार, ती चिमूट टाकताना बायका काय म्हणतात. आपल्या अक्षरांत लिहून पाठव. मी ते म्हणणार नाही, हे आधीच सांगते. नुसतं वाचून बघीन, आईच्या ओठांशी जुळतं का.

जिने तो हात बाजूला केला, ती तुझी आपा,
सालोमत