न फोडलेली नोटीस

मंगळवार, दि. १४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

ताईचा आशीर्वाद. द्यायचा नव्हता, पण आईनं लावलेली सवय सुटत नाही. अक्षर नातीचं, बोल माझे. चुका दिसल्या तर तिच्या, टोमणे लागले तर माझे. गुडघे दुखतात, भूक लागते, बाकी ठीक.

तुझ्या अर्जावर कोर्टाचा हुकूम झाला. आमची बटणांची कंपनी देणी फेडू शकत नाही, म्हणून ती मोडीत काढायची. त्यासाठी कोर्टानं एक साहेब नेमलाय. अवसायक म्हणायचं त्याला. म्हणताना माझी कवळी हलते. कारखान्यात दिसेल त्या वस्तूवर आकड्याची चिठ्ठी डकवत सुटलाय. साचे, पंखे, टेबलं. माझी खिडकीजवळची खुर्चीसुद्धा एकशे बारा नंबर! मी म्हटलं, "साहेब, मलाही एक डकवा. जुनं यंत्र आहे, आवाज फार करतं." हसला नाही मेला. हसायचं नाही असाही हुकूम असेल.

तुझ्यावर राग आहेच. सख्ख्या बहिणीच्या घराला कोर्टात ओढताना काहीच वाटलं नाही? बटणांची खोकी तू दिलीस, त्याचे पैसे थकले, खरं. पण निम्मी ओली निघाली, तळातून बटणं सांडत होती, हे तुझ्या भाच्यानं तुला तोंडावर सांगितलं होतं. तू म्हणालास, "मामाला शिकवतोस?" दोघंही एकाच माळेचे मणी.

वकील म्हणतो, हेच तुझ्या नोटिशीला एकवीस दिवसांत लिहून कळवलं असतं तर तुझा अर्ज टिकला नसता. उत्तरच गेलं नाही, म्हणून कोर्टानं धरलं की यांच्याकडे दमडी नाही. मग बाकीचे घेणेकरीही तुझ्या मागे येऊन उभे राहिले.

आता घरात एकच धोशा : नोटीस गेली कुठं? पोस्टात म्हणतात, पोचली. तुझ्या भाच्यानं आमच्या कारकुनाला धरलंय. एकतीस वर्षं टपाल सांभाळणारा माणूस. काल सगळ्या कामगारांसमोर त्याला म्हणाला, "मामानं किती दिले तुम्हाला?" कारकून नुसता चष्मा पुसत राहिला. आज चार वाजता साहेबासमोर त्याचा जबाब आहे.

अरे, नोटीस आली तेव्हा जेवणाची सुट्टी होती. ऑफिसात मी एकटीच. पोस्टमन म्हणाला, "आजी, तुमच्या भावाच्या वकिलाचं आहे." मी अंगठा उठवला. भाचा तुझा नुकताच दवाखान्यातून आलेला, छातीचे टाके ओले. मला वाटलं, धाकट्याची नेहमीची आदळआपट. लहानपणी तू रुसलास की मी चार दिवस कानाडोळा करायचे, मग तूच मुकाट्यानं ताटावर यायचास. पाकीट कपड्यांच्या ट्रंकेत तळाशी सरकवलं. फोडलंही नाही. फोडून काय करणार होते? आणि कुणाला वाच म्हणावं, तर घरभर झालं असतं.

नातीचा हात थांबलाय. लिही गं, रडायचं ते नंतर. कागद भिजला तर मामाआजोबा म्हणतील, खोक्यांचा सूड घेतला.

कंपनी परत दे म्हणत नाही. बाकीची देणीही खोटी नव्हती. पण त्या कारकुनाचं इमान काढलं जातंय आणि मी आठ दिवस भिंतीकडे तोंड करून झोपतेय. चारच्या आत ही पोर हे पत्र बापाला, तुझ्या भाच्याला, वाचून दाखवणार, टोमण्यांसकट. मी समोर बसणार. मगच या पत्राचं पाकीट बंद होईल.

नंतर या घरात माझ्याशी कोण बोलेल, सांगता येत नाही. तू भांड हवं तर, पण बोल.

जिच्यामुळे तू जिंकलास ती,
तुझी ताई