संस्थाबाह्य

रविवार, १२ जानेवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तुझी कंबर आता बरी असेल. वहिनींना सांग, त्यांनी विणलेला स्वेटर ताईला अगदी मापात बसला. ती घरी आल्यापासून घराला जाग आली आहे.

फोनवर तू 'संस्थाबाह्य' म्हणजे काय ते विचारलंस आणि मी विषय टाळला. संस्थेच्या मॅडम तो शब्द बोलल्या तेव्हा मला वाटलं, ताईला पदवीच मिळाली. मी अर्थ विचारला. त्या म्हणाल्या, खाटा कमी केल्यात. संस्थेत जी काळजी घेत होतो ती आता घरी घ्यायची, आमची नर्स अधूनमधून बघून जाईल. मला आनंदच झाला. म्हटलं, आई गेल्यापासून तिथे होती, आता तरी आपल्या माणसांत येईल.

पण तिथल्यासारखी घंटा झाल्याशिवाय ताई जेवत नाही. रिकामं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते. "बस, जेव" म्हणून म्हणून माझा घसा बसला. शेवटी घंटा आणली. ती वाजवली की मुकाट्याने जेवते. शेजारच्या काकू विचारतात, घरात शाळा काढलीस की काय. मीही हसते.

आता खरं लिहिते. बाइंडिंगच्या कामावर जाताना मी बाहेरून कुलूप लावते. एकदा ती एकटी बाहेर पडली आणि भर चौकात थांबून राहिली, कुणी 'चला' म्हणेल म्हणून. गाड्यांचे हॉर्न वाजत होते. तेव्हापासून माझा जीव मुठीत असतो. काम सोडलं तर खायचं काय? लाज वाटते रे दादा. संस्थेत निदान दिवसा दारं उघडी असत, ती बागेत बसायची.

काल कुलूप काढून आत आले. ताई केस विंचरून, नवा स्वेटर घालून दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. भेटीच्या वारी तिथे अशीच बसायची. मला बघून उठली आणि हळूच म्हणाली, "बाई, आमच्या घरचं कुणी आलंय का भेटायला?"

तिथे लक्ष ठेवणारीला ती 'बाई' म्हणायची. मी आत जाऊन घंटा वाजवली.

तू निवृत्त झालायस. मला एकटीला हे झेपत नाही. ये. पण भेटीला नको, राहायला ये.

तुझी धाकटी बहीण,
ताईची बाई