दादाच्या पॅडवरची दोन बटणं

१२ जानेवारी
शैला राजुरीहून आली. संजयची धाकटी बहीण, माझी नणंद. येताना टीव्हीला जोडायचा एक डबा आणि दोन पॅड घेऊन आली. लहानपणचे सगळे टीव्ही गेम त्यात भरलेत म्हणे. दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून संजयचा डावा हात आखडलाय. फिजिओ सांगतात, बोटं हलती ठेवा. मी चेंडू आणला, कणीक मळायला दिली, मणी ओवायला दिले. लगेच कंटाळायचा. आज पॅड हातात आला आणि दुपारभर खेळत बसला.
आणि हसला. मोठ्यानं. मी स्वयंपाकघरात, पोळी तव्यावर करपली.

१५ जाने.
खाणीत उतरणाऱ्या दोन माणसांचा गेम. जोडीनंच खेळायचा. सुट्टीत डिंगोऱ्याला मामांकडे दोघं हाच खेळायची.
"दादा, आरं शिडी धर की! गेलास बघ!"
"तूच ढकललंस, शैले!"
शैले. इतक्या वर्षांत माझं नाव असं कधी ओढून घेतलं नाही. माझ्याशी बोलणं म्हणजे: गोळी घेतली. पाणी तापलं का. टॉवेल दे.
शैला मधेच, "दादा, वहिनी जळतीया बघ."
तो पडद्यावरची नजर न काढता, "ती कशाला जळंल? तिला ह्यातलं काय कळत न्हाई."
पोहे दिले. मीठ कमी पडलं होतं. पडू दे.

१९ जाने.
गेम सारखा बंद पडतोय. आजाऱ्याला भेटायला माणसं येतच राहतात, ते काही थांबवता येत नाही. आज आळीतले भिकूतात्या आले. वडीलधारं माणूस दारात असताना संजय खेळत बसणार नाही. घाईनं थांबवायला गेला. थांबवायचं बटण स्टार्ट, ते उजव्या अंगठ्यानं. डावा अंगठा अजून त्याचं ऐकत नाही, तो नेमका शेजारच्या सिलेक्टवर पडतो. दोन्ही एकदम दाबली गेली की डब्याला वाटतं, ह्यांना गेम बंद करायचाय. पडदा काळा. मग पुन्हा पहिल्यापासून. आज चांगले खोल गेले होते दोघं.
"काय राव, बरं हाय ना आता?" तात्या.
"बरं हाय. बसा." चेहरा मात्र...
नंतर मी म्हटलं, मधे मधे सेव्ह करत जा ना.
"मामांकडं कुठं सेव्ह व्हतं?" दोघंही म्हणाली. एकाच वेळी.

२२ जाने.
मासिकासाठी लिहितेय ती कथा अडकलीय. ती सोडून मोबाइलवर त्या डब्याचं शोधत बसले. सापडलं. सेटिंगमध्ये हॉटकी म्हणून एक भाग असतो. कोणती बटणं जोडीनं दाबली की काय व्हावं, ते तिथे ठरतं. जोडी काढून टाकता येते, दुसरीकडे नेता येते. अवघड काही नाही. मला जमेल.
केलं नाही.
कारण निदान इथे तरी लिहिते. गेम बंद पडला की शैला उठते, "जाते वहिनी, यष्टी चुकंल." आणि संजय माझ्याकडे वळून म्हणतो, "चहा टाकतेस?" मग आम्ही दोघं ओट्यावर बसून तो पितो. तेवढ्यासाठी.

२७ जाने.
आज दोघं खाणीच्या तळाशी पोचले होते. मीही दारात उभी राहून बघत होते, हातातलं पातेलं तसंच. तेवढ्यात मागच्या काकू लाडू घेऊन, "कोण हाय का घरात?" संजय दचकला, थांबवायला गेला. काळा पडदा.
पॅड भिरकावला. "हा हातच मेलाय माझा." काकू लाडवाचा डबा धरून उभ्या.
शैलाला म्हणाला, "तू उद्यापास्नं येऊ नगं."
ती डोळे पुसत गेली. संजयचा हात शालीखाली गेला. चहा मागितला नाही. मी केला, तो तसाच गार झाला.

३० जाने.
हात शालीखालीच. फिजिओ बोटं उघडायला गेले तर कळवळला. मला बाहेर घेऊन म्हणाले, "पुन्हा आखडायला लागलीत. ते खेळत होते ते का बंद केलं?"
"बघते," म्हटलं.
बघते! सगळं बघून झालंय माझं.

३१ जाने.
तो दुपारी झोपल्यावर टीव्हीचा आवाज बंद करून बसले. आधी ती जोडी पार काढूनच टाकली. तर गेममधून बाहेरच पडता येईना, शेवटी वायर उपटली. बाहेर पडायची वाट कुठेतरी ठेवायलाच हवी. बराच वेळ झटापट. आता संजयच्या पॅडवर स्टार्टनं फक्त थांबतं, सिलेक्ट कितीही दाबलं तरी गेम जागचा हलत नाही. बंद करायची सोय दुसऱ्या पॅडवर, तीही दोन्ही बटणं धरून ठेवली तरच.
दुसरा पॅड म्हणजे शैलाचा. ती सोय मी माझ्या हातानं तिच्या हातात दिली.
फोन केला. "शैलाताई, या तुम्ही. गेम आता बंद नाही पडायचा."
"कुणी केलं?"
"मी."
"तुमी? लई भारी, वहिनी!" मग हळूच, "दादा येऊ नगं म्हणाला तवापास्नं घास गोड लागला न्हाई मला."
वाईट वाटलं ऐकून. थोडं बरंही वाटलं. दोन्ही खरं.

३ फेब्रुवारी
तात्या पुन्हा आले. संजयनं थांबवलं. पडदा तसाच, माणूस शिडीला लोंबकळतोय. संजय कितीतरी वेळ स्वतःच्या डाव्या अंगठ्याकडे बघत राहिला.
"तात्या, ह्ये बघा, थांबलाय."
तात्या चष्मा सावरून, "मधीच का थांबला? पडंल की त्यो."
"तुमी गेल्यावर उतरतो त्यो," शैला म्हणाली, आणि आम्ही सगळेच हसलो.
"शैलीनं नीट केलं बघा ह्ये," संजय तात्यांना सांगायला लागला.
"म्या न्हाई, दादा. वहिनीनं."
माझ्याकडे बघितलं. "तू?"
एवढंच. आत येऊन उगाच डाळ निवडत बसले. निवडलेलीच होती.

१० फेब्रु.
शैलाकडे द्राक्षांची तोडणी सुरू, ती येणार नाही. संजय एकटाच टीव्हीसमोर. दुसरा पॅड पलंगावर. मी झाडत होते. दोनदा त्याच्यापाशी केरसुणी नेली.
"बसतेस का?"
बसले. पहिल्याच शिडीवरून पडले. परत पडले.
"अगं, धर ना!"
"अहो, धरलंय!"
"शैला असती तर..." म्हणाला आणि सोडून दिलं. मी ते काही सोडून दिलं नाही, जेवताना, भांडी घासताना, तेच. पण त्याचं डावं बोट चाललं होतं. मंद, पण चाललं होतं.

१८ फेब्रु.
रोज बसतेय. कथा तिथेच आहे, संपादकांना अजून आठवडा मागितला. आज चुकून मीच संजयला शिडीवरून ढकललं. आवाज न करता हसला, खांदे हलले नुसते. त्याला तसं हसताना कधी बघितलं होतं, आठवत बसले.
तेवढ्यात शैलाचा व्हिडिओ कॉल. मागे द्राक्षांचे क्रेटच क्रेट, ती उन्हानं काळवंडलेली. "दादा, तोडणी संपत आली. रविवारी येते. माझा पॅड कुणाच्या हातात हाय रं?"
"हिच्या."
"आन मग मी काय खेळू?" हसतच म्हणाली. हसणं मात्र लवकर संपलं.
संजय माझ्याकडे बघायला लागला. मी काय ते बोलावं म्हणून. ‘तुम्हीच खेळा, मला कुठे येतं,’ एवढं वाक्य जिभेवर होतं. शहाणी वहिनी ते म्हणाली असती. फोनमध्ये ती वाट बघतेय, इथे हा.
"या तर खऱ्या," मी म्हटलं.
फोन ठेवला. पडद्यावर दोघं एकाच शिडीवर थांबलेले, माझा अंगठा अजून स्टार्टवरच.